खुणांच्या दुभाष्याला सनद हवी काय?

जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात आपण धान्य घेतो तेव्हा दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का असतो. हा शिक्का कशासाठी, याचा आपण फारसा विचार करीत नाही. भाजी शिळी आहे हे डोळ्याला दिसते, कापड विरविरीत आहे हे हाताला कळते. तेथे सरकारने मध्ये पडण्याचे कारण नाही. परंतु किलोचे वजन खरोखर किलोचे आहे की पन्नास ग्रॅमने हलके, हे गिऱ्हाइकाला उभ्या जागी पारखता येत नाही. ज्याला पारखता येत नाही त्याच्या वतीने कोणीतरी अगोदर पारखून ठेवावे, म्हणून तो शिक्का. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, त्याच्या मुळाशीही हेच आहे.

आज ज्या शिक्क्याविषयी बोलावयाचे तो लोखंडाच्या वजनावरचा नव्हे. कर्णबधिर माणूस खुणांच्या भाषेत बोलतो, आणि ते बोलणे न्यायाधीशाला, डॉक्टरला किंवा फौजदाराला मराठीतून सांगणारा एक दुभाष्या मध्ये उभा असतो. या दुभाष्याला शासनाने सनद द्यावी काय, ती कोणी परीक्षा घेऊन द्यावी, आणि सनद नसलेल्याला त्या जागी उभे राहू द्यावे काय, हा आजचा प्रश्न. विषय मूठभर लोकांचा आहे असे कोणास वाटेल. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या देशात पन्नास लाखांवर भरली, आणि महाराष्ट्रात ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती. सर्वच खुणांची भाषा बोलतात असे नाही. कित्येकांना उतारवयात बहिरेपण आलेले असते, काहींना श्रवणयंत्राने भागते. तरीही उरतात ते मूठभर नव्हेत.

प्रथम एक गैरसमज बाजूला केला पाहिजे. खुणांची भाषा म्हणजे हातवारे, आणि हातवारे कोणालाही समजतात, असे आपण धरून चालतो. तहान लागल्याची खूण आपल्याला समजते हे खरे. पण "गेल्या वर्षी भावाने माझ्या वाट्याची जमीन मला न विचारता विकली" हे हातवाऱ्यांनी सांगून पाहा! भारतीय सांकेतिक भाषेत हे वाक्य सहज सांगता येते, कारण तिला शब्द आहेत तसे व्याकरणही आहे. तिच्यात क्रियापद साधारणतः शेवटी येते, आणि 'काय', 'कोठे' हे प्रश्नही शेवटी येतात. "तुझे नाव काय?" हा मराठीचा क्रम तिला जवळचा आणि इंग्रजीचा परका आहे. हो-नाहीच्या उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. भुवया वर गेल्या नाहीत तर "तू तेथे होतास?" याचे "तू तेथे होतास" होऊन बसते. फौजदारी खटल्यात या दोहोंमध्ये केवढे अंतर आहे हे सांगावयास नको.

ही भाषा साऱ्या जगाची एकच आहे, हाही एक समज आढळतो. तसेही नाही. अमेरिकेत अक्षरे एका हाताने दाखवितात, आपल्याकडे दोन्ही हातांनी. भारतातल्या भारतात मात्र ती पुष्कळशी एक आहे. दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात झाला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश खुणा एकमेकींशी जुळणाऱ्या आढळल्या. बोलत्या भाषांच्या बाबतीत या चार शहरांविषयी असे म्हणता येणार नाही.

आता दुभाष्या चुकीचा असला, किंवा त्याची जागा चुकीची असली, म्हणजे काय होते ते पाहू. राजस्थानातील एका खून खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. मृताची पत्नी ऐकू-बोलू शकत नव्हती आणि तीच मुख्य साक्षीदार होती. तिची साक्ष खुणांनी झाली. त्या खुणांचा अर्थ न्यायालयाला सांगितला तो तिच्या वडिलांनी, आणि वडील स्वतः त्याच खटल्यात साक्षीदार होते. शपथ तिलाही दिली गेली नव्हती, वडिलांनाही नाही. तिने कोणत्या खुणा केल्या याची नोंद कागदावर नव्हती. होता तो केवळ वडिलांनी लावलेला अर्थ. आरोपी उच्च न्यायालयात सुटला होता, तो सर्वोच्च न्यायालयातही सुटलेला राहिला. पुराव्यात इतरही उणिवा होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या निकालात न्यायालयाने जो दंडक घातला तो आपल्या विषयाचा गाभा आहे. दुभाष्या साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा. त्याला शपथ द्यावी. आणि अर्थाबरोबर खुणाही नोंदवाव्यात.

ती बाई खोटे बोलली असे कोणी म्हटले नाही. ती काय बोलली हेच कोणाला निश्चित कळले नाही. आपल्या पतीच्या खुनाविषयी जे तिने पाहिले ते तिच्या हातांतून निघाले, आणि न्यायासनापर्यंत पोहोचण्याच्या आत त्याचा भरवसा नाहीसा झाला.

वाईट दुभाष्याचे व वाईट शिंप्याचे एकच नाही. शिंप्याने सदरा बिघडविला तर तो ज्याला घालावयाचा त्यालाच घट्ट होतो, आणि तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. येथे दुभाष्याला बोलाविणारा व पैसे देणारा ऐकणारा माणूस असतो. त्याला खुणा कळत नाहीत, म्हणून दुभाष्या कसा आहे हे त्याला कळत नाही. ज्याला कळते तो कर्णबधिर, आणि त्याने तक्रार करावयाची तर ती त्याच दुभाष्याच्या तोंडून! १० डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांची शोकसभा झाली. देशोदेशीचे राष्ट्राध्यक्ष व्यासपीठावर होते, आणि त्यांच्या शेजारी उभा राहून एक गृहस्थ सर्व भाषणे खुणांनी सांगत होता. त्या खुणांना काही अर्थच नव्हता. जगभरच्या कर्णबधिर प्रेक्षकांनी ते तत्काळ ओळखले. व्यासपीठावरच्या एकालाही पत्ता नव्हता. फ्लोरिडातील मॅनटी परगण्यात २०१७ साली 'इर्मा' वादळाचा इशारा देताना अधिकाऱ्यांनी आपल्याच एका कर्मचाऱ्याला पुढे उभे केले. तो समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचविण्याच्या कामावर होता आणि भाऊ कर्णबधिर असल्यामुळे त्याला थोड्या खुणा येत होत्या. घरे सोडा, असे सांगावयाच्या वेळी त्याच्या हातांतून 'पिझ्झा', 'अस्वल' असले शब्द निघाले. पहिल्याला लबाड म्हणता येईल, दुसरा बिचारा भला माणूस होता. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना मात्र दोघे सारखेच दिसले. शिक्क्याची गरज येथे आहे.

आपल्याकडे शासनाला हे सुचावयास फार उशीर लागला, आणि त्याला कारण आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार कराव्यात, मुलांना ओठ वाचावयास व तोंडाने बोलावयास शिकवावे, असे ठरले. या ठरावावर मत देणाऱ्यांत जवळजवळ सर्व ऐकणारेच होते. लगेच पुढच्या काही वर्षांत मुंबईत माझगावला आपल्या देशातील पहिली मूकबधिर शाळा निघाली. त्यानंतर महाराष्ट्रात ज्या शाळा निघाल्या त्यांतील बहुतेकींवर याच मताचा पगडा राहिला. वर्गात वाचा आणि वसतिगृहात खुणा, असे दोन कारभार चालले. मुलांनी आपली भाषा एकमेकांकडून, जेवणाच्या पंक्तीत व खेळाच्या मैदानावर शिकून घेतली. ज्या भाषेला शासन भाषा मानीत नव्हते, तिच्या दुभाष्याची परीक्षा ते कोठून घेणार?

१९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. अपंगांच्या सेवेतील व्यावसायिकांचे शिक्षण प्रमाणित करावयाचे, पात्र माणसांची केंद्रीय नोंदवही ठेवावयाची आणि अपात्रांना व्यवसाय करू द्यावयाचा नाही, असा त्याचा हेतू. अपात्राला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कायद्याच्या मूळ यादीत वाचातज्ज्ञ आहेत, श्रवणयंत्राचे कारागीर आहेत, विशेष शिक्षक आहेत. खुणांचा दुभाष्या नाही. तो पुढे परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाच्या दाराने आत आला. २००१ च्या सुमारास मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या भाषेचे व दुभाष्यांचे वर्ग सुरू झाले, पायरीपायरीने वाढले, आणि त्यांतूनच आजची दोन वर्षांची पदविका तयार झाली. २०१५ साली दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. त्याने २०१८ साली तीन हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश काढला आणि तो २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांवर नेला. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने संपर्काच्या साधनांत सांकेतिक भाषेचे नाव घातले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र ती नाही.

न्यायालयापुरता कायदा याहून पुढे गेला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात अशा साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी एवढेच होते. २०१३ साली त्यात दुरुस्ती झाली. साक्षीदार बोलू शकत नसेल तर न्यायालयाने दुभाष्या किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घेतलेच पाहिजे आणि त्या जबानीचे चित्रण केले पाहिजे, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष अधिनियम लागू झाला त्यातही ही तरतूद आहे. राजस्थानातील त्या बाईच्या खुणा चित्रित झाल्या असत्या तर दुसऱ्या एखाद्या जाणकाराला त्या पुन्हा पाहता आल्या असत्या. एवढा मोठा फरक एका वाक्याने पडला.

'दुभाष्या किंवा विशेष शिक्षक' या शब्दांतल्या 'किंवा'वर माझा आक्षेप आहे. विशेष शिक्षकाची पदवी मुलांना शिकविण्याची असते. त्यांतील कित्येकांचे सारे शिक्षण वाचा शिकविण्याच्या पद्धतीत झालेले असते, आणि त्यांना येणाऱ्या खुणा वर्गापुरत्या, 'बसा', 'लिहा', 'शाबास' इतक्याच असू शकतात. त्यांच्या कामाविषयी मला आदर आहे. पण मराठीच्या उत्तम शिक्षकाला केवळ तो उत्तम शिक्षक आहे म्हणून आपण कानडी साक्षीदाराचा दुभाष्या नेमीत नाही.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. पोक्सो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याखाली २०२० साली नवे नियम झाले. त्यांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, भाषांतरकार, विशेष शिक्षक व तज्ज्ञ यांची नोंदवही ठेवावयाची आणि ती पोलिसांना व न्यायालयाला उपलब्ध करून द्यावयाची. नोंदवहीतील सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडे विद्यापीठाची किंवा पुनर्वास परिषदेने मानलेल्या संस्थेची पात्रता हवी. त्याने निःपक्षपाती असावे, हितसंबंध असल्यास उघड करावा, काही न घालता व न गाळता सांगावे, गुप्तता पाळावी. बालकाला दुभाष्या स्त्री हवी की पुरुष, याचीही दखल घ्यावी. म्हणजे जळगावच्या व धुळ्याच्या प्रत्येक पोलीस ठाण्याला विचारता येईल अशी एक वही कायद्याने अस्तित्वात असावयास हवी. नागरिकांनी ती जरूर विचारावी.

पण वही ठेवली म्हणून माणसे उगवत नाहीत. वांद्र्याहून जळगाव रेल्वेने चारशे किलोमीटरांच्या वर. दोन वर्षांची पदविका घेतलेला तरुण मुंबई-पुण्याला राहतो, कारण काम तेथे आहे. सनदेची सक्ती उद्यापासून सर्वत्र केली तर मुंबईच्या कर्णबधिराला चांगला दुभाष्या मिळेल आणि साक्रीच्या कर्णबधिराला मुळीच मिळणार नाही. कालपर्यंत जो मामा किंवा शेजारी त्याच्या वतीने बोलत होता त्यालाही आपण कायद्याचा धाक घालून बसवून ठेवू.

शिवाय खानदेशात भाषेचा एक पेच आहे. येथे कोर्टाची भाषा मराठी, घरात अहिराणी किंवा लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूर-चोपड्याकडे पावरी व भिल्ली. तेथल्या एखाद्या पाड्यावर जन्मलेले कर्णबधिर मूल शाळेत गेलेच नाही असे समजा. त्याच्या घरात चार माणसांत तयार झालेल्या खुणा असतात. नदी, बैल, मोहाची फुले, बाप, मार, भीती यांच्या. त्या भारतीय सांकेतिक भाषेतल्या नव्हेत. मुंबईचा पदविकाधारक तेथे हात जोडून उभा राहील. अशा वेळी घरातले माणूस लागतेच, आणि त्याच्या जोडीला स्वतः कर्णबधिर असलेला पण सांकेतिक भाषेत मुरलेला दुसरा दुभाष्या लागतो. घरगुती खुणांचा माग काढण्यात ऐकणाऱ्यापेक्षा त्याची नजर तयार असते. तो ते सांकेतिक भाषेत आणील आणि तिसरा मराठीत. अमेरिकेत अशा कर्णबधिर दुभाष्यांना मान्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाचे 'त्याच परिसरातला, पण हितसंबंध नसलेला' हे दोन शब्दप्रयोग एका माणसात क्वचित सापडतात. दोन-तीन माणसांत ते विभागून मिळू शकतात.

म्हणून माझे मत असे की सनदेची सक्ती जागा पाहून करावी. न्यायालय, पोलिसांपुढील जबानी, शस्त्रक्रियेची संमती, जमिनीचे खरेदीखत, येथे चूक झाली तर माणसाचे स्वातंत्र्य, अब्रू, देह किंवा भाकरी जाते. येथे सनदधारक दुभाष्या असलाच पाहिजे, समोर नसेल तर दूरचित्रसंवादावर तरी. पडदा पुरेसा मोठा हवा आणि हात चौकटीबाहेर जाता कामा नयेत, एवढी काळजी घेतली म्हणजे तेही चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेने सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत आपली बाजू मांडली, ती अशाच पडद्यावरून. लग्नाची बोलणी, बँकेतले विचारणे, शाळेतला पालकांचा मेळावा, येथे ज्याला जो हवा तो दुभाष्या असू द्यावा. आईबाप किंवा भावंडे कर्णबधिर असलेली जी मुले लहानपणापासून ही भाषा बोलतात, त्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे. दोन वर्षे मुंबईत राहण्याची ऐपत नसलेल्या खानदेशी मुलामुलींना हा मार्ग जवळचा आहे. परीक्षा मात्र कर्णबधिरांनी घ्यावी. हलके वजन कोणते, हे ज्याच्या पदरात माप पडते त्यालाच अधिक कळते.

सनदेचा दुसरा उपयोग गुप्ततेचा, आणि तो आपल्यासारख्या जिल्ह्यांत विशेष आहे. गावात एकच दुभाष्या असेल तर तोच दवाखान्यात, तोच कोर्टात आणि तोच सोयरिकीत. एखाद्या मुलीचा आजार त्याने जाता जाता कोठे बोलून दाखविला, तर परिषदेच्या नोंदवहीतून त्याचे नाव काढता येते. सनदच नसलेल्या मामाचे काय काढणार? अचूकतेविषयी म्हणाल तर धुळ्याला एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. गुरुजी स्वतः केवढे लेखक, पण त्या वहीत बोलतात ते विनोबाच. दुभाष्याच्या अंगी हाच संयम लागतो. साक्षीदार अडखळला तर त्याचे अडखळणेही न्यायाधीशाला कळले पाहिजे. ते गुळगुळीत करून देण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे.

राहता राहिला मानधनाचा प्रश्न. पोक्सोच्या नियमांप्रमाणे राज्य शासन जो दर ठरवील तो किमान वेतनाच्या कायद्यातील कुशल कामगाराच्या मजुरीहून कमी असू नये. ही खालची मर्यादा झाली. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या माणसाला तेवढ्यात परवडत नाही हे उघड आहे, आणि कोर्टाच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत. दुभाष्या सकाळी स्टेशनवर उतरतो, अकराला हजर होतो, आरोपीचे वकील आलेले नसतात, आणि पुढची तारीख पडते. त्या फुकट गेलेल्या फेरीचे भाडे व बुडालेला दिवस त्याला कोणी भरून द्यावयाचा, हे दराच्या तक्त्यातच लिहिलेले असावे.